ब्राह्मीतलं औषध नेमकं कोणतं?

अंबाजोगाईच्या बाजारात ब्राह्मी मागितली, की दोनपैकी कुठलीही एक वनस्पती आपल्या पिशवीत पडू शकते. एकीचं पान गोलसर, नाण्याएवढं, कडेला बारीक कातरलेलं आणि लांब देठावर छत्रीसारखं उभं. दुसरीचं पान जेमतेम नखाएवढं, जाडसर, बिनदेठाचं, खोडावर समोरासमोर जोडीनं बसलेलं. दाताखाली धरलं की जीभ कडू होऊन जाते. पहिली मंडूकपर्णी, तिला कारिवणा असंही नाव आहे. दुसरी नीरब्राह्मी, तलावाच्या आणि कालव्याच्या कडेला ओल्या चिखलात पसरणारी. मंडूकपर्णी गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, नीरब्राह्मी इसबगोलाच्या. विकणारी बाई फसवत नसते. तिच्या आजीनंही दोन्हींना ब्राह्मीच म्हटलेलं असतं.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे शेजारीपाजारी हमखास विचारतात, "सर, ब्राह्मीनं मेंदूची सूज उतरते म्हणतात, खरं का? आणि उतरत असेल तर तिच्यातलं नेमकं काय ती उतरवतं?" मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. ‘नेमकं काय’ हे कळलं, तरच ते किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही आणि बाटलीत ते खरोखर आहे का, हे सांगता येतं. परळीच्या वैद्यनाथाच्या लिंगात अमृत आणि धन्वंतरी लपवून ठेवले, ही आपल्या जिल्ह्यातली कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. पाल्यात दडलेलं औषध बाहेर कसं काढतात, ते आज पायरीपायरीनं पाहू.

त्याआधी एक गोष्ट ठाम सांगतो. दाहामुळे येणारी मेंदूची सूज दोन तऱ्हेची असते. अचानक आलेला ताप, मान ताठ होणं, झटके, भान हरपणं ही मेंदूज्वराची लक्षणं. तिथे पाल्याचा विचारसुद्धा करू नये. आपल्याकडे अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात तासाभराचाही उशीर न करता जावं. या लेखात बोलायचं आहे ते दुसऱ्या, मंद, वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहाबद्दल.

हा मंद दाह समजून घ्यायला गावातला जुना जागल्या आठवा. मेंदूत मज्जापेशींखेरीज राखणदार पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनचे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. या पेशी आपले बारीक धुमारे सतत हलवत आजूबाजूची चाचपणी करत असतात. जंतू किंवा मेलेली पेशी सापडली, की त्या हाकाटी करतात. ही हाकाटी रासायनिक असते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी त्या संदेश-प्रथिनांची नावं. एकत्रितपणे त्यांना सायटोकाइन म्हणतात. संकट टळलं की हाकाटी थांबायला हवी. अल्झायमर, पार्किन्सन, डोक्याला बसलेला मार अशा कित्येक स्थितींत ती थांबत नाही आणि त्या गोंगाटात चांगल्या मज्जापेशींचीही हानी होते. म्हणजे आपल्याला शोधायचा आहे तो हाकाटी कमी करणारा, पण जागल्याला न मारणारा पदार्थ. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडेल.

अशा पदार्थाच्या शोधाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, ती जुन्या नोंदींपासून होते. चरकसंहितेत बुद्धीला हितकर, म्हणजे मेध्य, अशी चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. नोंद वाचताना घाईत एक गोष्ट निसटते. तिथे मंडूकपर्णीचा ताजा रस सांगितला आहे, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. प्रत्येकीची कृती वेगळी आहे. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क तपासून ‘चरकाचं औषध तपासलं’ असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. रसात जे उतरतं, ते सगळं अर्कात उतरतंच असं नाही.

गावातली माहिती घेतानाही रीत पाळायची असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ‘लोक जैवविविधता नोंदवही’त गावाला ठाऊक असलेल्या वनस्पती आणि त्यांचे उपयोग लिहून ठेवायचे असतात. ही कोरडी कागदपत्रं वाटतील, पण लेखी पुराव्याची ताकद हळदीच्या प्रकरणात दिसली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने लेखी दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या वैदूंचं आणि आज्यांचं ज्ञान लिहून ठेवणं हा मला या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

आता ओळख पटवण्याची पायरी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. वनस्पती फुलासकट, शक्यतो मुळासकट उपटून, वर्तमानपत्रात दाबून वाळवतात. सोबत कुठे, कधी, कशा जमिनीत मिळाली याची चिठ्ठी लावतात. असा नमुना वनस्पतिसंग्रहात जमा करून त्याचा क्रमांक घेतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे असा मोठा संग्रह आहे. आणि घरचा आधार हवा असेल, तर व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा १९९८ चा ग्रंथ आहे. आपल्या माळावरचं बहुतेक झाडझुडूप त्यात सापडतं.

नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी दुकानातून वाळलेली ब्राह्मी आणली. दोन महिने अर्क काढले, तक्ते भरले. नीरब्राह्मीचे जे घटक दिसायला हवे होते, ते काही केल्या दिसेनात. शेवटी एका पोरीनं उरलेला पाला कोमट पाण्यात भिजत घातला. तासाभरानं चुरगळलेली पानं उलगडली आणि भांड्यात कडेला कातरलेली गोल पानं तरंगायला लागली. आम्ही दोन महिने मंडूकपर्णीचा अभ्यास केला होता. तेव्हापासून पाला आला, की आधी मूठभर भिजवून उलगडून पाहायचा, हा आमच्याकडे नियम आहे. आपणही घरी हे करू शकता. चूर्ण मिळालं तर मात्र हा मार्ग बंद होतो. म्हणून शक्यतो अख्खा पाला घ्यावा.

शंखपुष्पीची गत तर आणखी बिकट. त्या एका नावाखाली निदान तीन-चार वनस्पती विकल्या जातात. आपल्या बालाघाटाच्या खडकाळ माळावर पावसाळ्यात बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता जमिनीलगत पसरते, तीही शंखपुष्पी म्हणून जाते. काही ठिकाणी गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. संशोधनाच्या बातमीत नुसतं ‘शंखपुष्पीचा मेंदूवर गुण’ असं वाचलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातली कुठली?

पाला गोळा करतानाची काळजी थोडक्यात सांगतो. ऋतू, जमीन आणि झाडाचा भाग यांप्रमाणे घटकांचं प्रमाण बदलतं, म्हणून तारीख लिहायची. सावलीत वाळवायचं. नीरब्राह्मी ओल्या चिखलात वाढते आणि पाण्यातले जड धातू शोषून घेते. सांडपाण्याच्या नाल्याकाठची कितीही हिरवीगार दिसली तरी घ्यायची नाही.

यानंतर अर्क. चहा करताना आपण पत्तीतलं हवं ते पाण्यात उतरवतो आणि चोथा फेकतो; अर्क काढणं म्हणजे तेच, फक्त द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, निवडून घ्यायचा. तेलकट घटक हेक्झेनसारख्या द्रावकात उतरतात, मधल्या स्वभावाचे इथाइल अॅसिटेटमध्ये, साखरेची साखळी जोडलेले घटक मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात. एकच पाला क्रमानं या सगळ्यांत भिजवला, की त्याचे चार वेगवेगळे अर्क हाती येतात.

नीरब्राह्मीचा पाण्यातला अर्क बाटलीत घालून हलवला, तर रिठ्यासारखा फेस येतो. हा फेस सॅपोनिन नावाच्या घटकांचा. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, पण फसगत इथेही आहे: मंडूकपर्णीतही सॅपोनिन असतात, तिलाही फेस येतो. फेसावरून कुटुंब कळतं, माणूस कळत नाही.

अर्क काढताना सर्वांत नेहमीची चूक म्हणजे उष्णता. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला हिवतापावरच्या वनस्पतीत गुण कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही. जुन्या ग्रंथातल्या कृतीत ती वनस्पती उकळायला सांगितलेलीच नाही, थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं. २०१५ च्या नोबेलपर्यंत ती वाट गेली. म्हणून म्हणतो, जुन्या कृतीतला ‘शीत’ (थंड भिजवण) आणि ‘क्वाथ’ (उकळलेला काढा) हा भेद संशोधकानं काटेकोरपणे वाचावा.

चार अर्क तयार झाले. यातला गुणाचा कोणता? हे मायक्रोग्लियांनाच विचारावं लागतं. उंदराच्या मायक्रोग्लियापासून वाढवलेल्या बीव्ही-२ किंवा एन-९ नावाच्या पेशी प्रयोगशाळेत छोट्या खळग्यांच्या तबकडीत वाढवतात. त्यांच्यावर जिवाणूच्या कवचातला एक पदार्थ घालतात, त्याला एलपीएस म्हणतात. पेशींना वाटतं जंतू आला, आणि त्या हाकाटी सुरू करतात. काही खळग्यांत आधी अर्क घातलेला असतो. मग वरचा द्रव काढून त्यात टीएनएफ-अल्फा किती, इंटरल्युकिन-६ किती, हे मोजतात. ज्या खळग्यात आकडा उतरला, त्या अर्कात काहीतरी आहे.

अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठातून २०१७ मध्ये नीरब्राह्मीवर असंच काम प्रसिद्ध झालं. साधा पाण्यातला काढा, अल्कलॉइड गटाचा अर्क आणि बॅकोसाइड-ए हा घटक, या सगळ्यांनी चेतवलेल्या एन-९ पेशींमधला टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ यांचा स्राव कमी केला. मला यातली काढ्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. गुण एकाच घटकात कोंडलेला असता, तर बाकीच्या अर्कांनी गप्प बसायला हवं होतं.

आता ते मघाचं वाक्य आठवा: जागल्याला न मारणारा. अर्क जास्त झाला, तर पेशी मरतात. मेलेला जागल्या हाकाटी करत नाही आणि तक्त्यात ‘दाह कमी झाला’ असं सुरेख चित्र उमटतं. म्हणून त्याच पेशी जिवंत आहेत का, ही वेगळी चाचणी सक्तीची असते. त्यासाठी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग न दाखवता दाह कमी झाल्याचा दावा कुणी केला, तर तो बाजूला ठेवावा.

रंगावरून आणखी एक खड्डा. हळदीतला कर्क्युमिन हा घटक स्वतःच पिवळाधमक आहे, विशिष्ट प्रकाशात चमकतो आणि प्रथिनांना कुठेही चिकटतो. रंग किंवा चमक मोजणाऱ्या चाचण्यांत तो खोटे होकार देतो. २०१७ मध्ये औषध-रसायनज्ञांच्या एका गटानं सविस्तर आढावा घेऊन याबद्दल सावध केलं. हळद मला प्रिय आहे, घरी रोज भाजीत असते. पण प्रयोगशाळेत तिच्या प्रत्येक होकाराची दुसऱ्या पद्धतीनं फेरतपासणी करायलाच हवी.

गुणाचा अर्क सापडला, तरी त्यात शेकडो घटक असतात. ते वेगळे करण्याच्या रीतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. शाईचा थेंब टीपकागदावर पडला आणि पाणी लागलं, की निळ्या शाईतून जांभळट, हिरवट कडा पसरताना आपण पाहिल्या असतील. तत्त्व तेच. बोटभर रुंद अॅल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिका जेलचा पांढरा थर असतो. काचेच्या केसासारख्या नळीनं खाली अर्काचा टिंब टेकवायचा, पट्टी थोड्याशा द्रावकात उभी करायची आणि झाकण लावायचं. द्रावक वर चढत जातो आणि घटकांना आपापल्या वेगानं ओढून नेतो. पट्टी बाहेर काढली तर कोरीच दिसते. मग तिच्यावर अॅनिसाल्डिहाइड आणि गंधकाम्लाचं मिश्रण फवारायचं आणि तापवायचं. मिनिटभरात पांढऱ्या थरातून जांभळे ठिपके एकेक करून वर येतात. इतकी वर्षं झाली, तरी ते ठिपके उमटताना मी खुर्चीतून उठून पाहतो.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला सिलिकानं भरलेली उभी काचनळी वापरतात. वरून अर्क ओततात, खाली येणारा द्रव वेगवेगळ्या नळ्यांत धरतात. प्रत्येक नळीतला अंश पुन्हा त्या पेशींवर घालतात. ज्यात गुण दिसला, त्याचे पुन्हा भाग करतात, पुन्हा पेशींवर. गुणाचा माग काढत काढत शेवटी एका शुद्ध घटकापर्यंत पोचायचं.

माग काढताना कधी कधी गुणच नाहीसा होतो. अर्क काम करत होता, सगळे अंश मात्र ढिम्म. नवखे संशोधक इथे हताश होतात. कारणं तीन असू शकतात: घटक सिलिकाला चिकटून राहिला, उजेड-उष्णतेनं मोडला, किंवा मुळातच दोन-तीन घटक मिळून काम करत होते आणि आपण त्यांची ताटातूट केली. अशा वेळी अंश पुन्हा एकत्र करून पाहायचे. गुण परतला, तर उत्तर एकट्या घटकात नाही, हेच उत्तर.

शुद्ध घटक हातात आला, की त्याची रचना शोधतात. वस्तुमान-वर्णपटमापक रेणूचं वजन सांगतो. एनएमआर नावाचं यंत्र मोठ्या चुंबकाच्या साहाय्यानं कुठल्या अणूशेजारी कुठला अणू बसला आहे, हे सांगतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या गुग्गुळातल्या घटकांची रचना अशीच उलगडून १९७२ मध्ये मांडली; गुग्गुलस्टेरॉनचं नाव त्या कामातून पुढे आलं.

नीरब्राह्मीच्या बाबतीत ही पायरी फार शिकवून जाते. १९६० च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून बॅकोसाइड-ए वेगळा केला. कित्येक वर्षं सगळे त्याला एकच घटक समजत होते. पुढे अधिक बारीक वेगळं करणारं एचपीएलसी हे उच्चदाबाचं तंत्र आलं आणि २००५ मध्ये स्पष्टपणे मांडलं गेलं, की बॅकोसाइड-ए म्हणजे चार सॅपोनिनांचं मिश्रण आहे. म्हणजे जुन्या निबंधात ‘शुद्ध बॅकोसाइड-ए’ असं लिहिलेलं असलं, तरी त्यात चौघांचं प्रमाण किती होतं, हे त्या त्या नमुन्यावर अवलंबून. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत, तर दोघींवर अविश्वास दाखवण्याआधी हे पाहावं.

आता अशी पायरी, जिच्यापर्यंत बहुतेक बातम्या पोचतच नाहीत: घटक मेंदूत जातो का? मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा घट्ट विणलेल्या असतात. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. साधारणपणे लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू पलीकडे जातात. ढोबळ मर्यादा चारशे-पाचशे वजनाची धरतात. बॅकोसाइड गटातल्या सॅपोनिनांचा रेणुभार सुमारे नऊशे आहे, कारण त्यांना साखरेची साखळी जोडलेली असते. पोटात साखर तुटली, की उरतो तो सुमारे ४७० वजनाचा गाभा. म्हणजे तबकडीत आपण ज्या घटकावर प्रयोग केला, तो मेंदूपर्यंत जाणारा घटक नसेलही. जाणारा कदाचित त्याचा मुंडण झालेला भाऊ असेल. म्हणून खरा प्रयोग त्या गाभ्यावरही करून पाहायला हवा.

कर्क्युमिनचं वजन ३६८, म्हणजे अडसराच्या मानानं ठीक. त्याची अडचण वेगळी: तो आतड्यातून रक्तात जेमतेम शिरतो आणि यकृत त्याला लगेच बाहेर काढतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या १९९८ च्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात त्याचा जवळपास पत्ताच लागेना. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर प्रमाण कैक पटींनी वाढलं. आता घरचा हिशोब करू. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं, तर २ ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमच्या आसपास हळद लागेल. ती भाजीत घालून कुणी खाणार नाही. आणि मिऱ्याचा अर्क गोळीरूपात घेणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं, की पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. अपस्मारावरच्या फेनिटॉइनबाबत हे रुग्णांमध्ये दिसलेलं आहे. घरात झटक्यांची गोळी चालू असेल, तर असा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

त्यानंतर प्राण्यांवरचे प्रयोग येतात. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. उंदरात दाह उठवून घटक देतात आणि पुढे मेंदूचे पातळ काप तपासतात. इथली ठळक चूक मात्रेची. उंदराला पोटात टोचून दिलेली मात्रा किलोच्या हिशोबानं सरळ माणसाला लावता येत नाही.

आणि मग माणसं. साळईचं झाड आपल्या सातपुड्यात, मेळघाटात आहे. त्याचा डिंक देवापुढे धुपात जळतो. त्यातली बॉस्वेलिक आम्लं दाह पेटवणाऱ्या ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला अडवतात. जर्मनीत मेंदूच्या गाठीसाठी किरणोपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांवर या अर्काची चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना दिवसाला ४२०० मिलिग्रॅम अर्क, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मेंदूतली पाणी धरलेली सूज (ही आपल्या मंद दाहाहून वेगळी) ७५ टक्क्यांहून जास्त उतरली, असे रुग्ण अर्काच्या गटात ६० टक्के होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. संख्या लहान आहे, गाठ बरी झाली असा याचा अर्थ नाही, हे उपचार नेहमीच्या औषधांसोबतचे होते. तरी चाचणी कशी असावी, याचा हा चांगला नमुना आहे. बिनऔषधी गटातही चौथाई रुग्णांची सूज उतरली, ते पाहा. तो गट नसता, तर त्यांचंही श्रेय साळईला गेलं असतं.

उलट निकालही सांगायलाच हवा. अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला. बिनऔषधी गटाच्या तुलनेत फायदा दिसला नाही. नीरब्राह्मीची ऑस्ट्रेलियातली २००१ ची चाचणी ४६ निरोगी माणसांवर होती, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क. बुद्धीच्या काही कसोट्यांत फरक दिसला, तोही बारा आठवड्यांनी. तिथे स्मरण आणि आकलन मोजलं होतं, दाह मोजलेला नव्हता. त्यामुळे शेजाऱ्यांना माझं उत्तर असं असतं: नीरब्राह्मी तबकडीतल्या पेशींचा दाह कमी करते, हे दिसलं आहे, माणसाच्या मेंदूतला दाह ती उतरवते, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

या सगळ्या पायऱ्या उलट्या दिशेनंही चढता येतात, आणि तो मार्ग मुंबईत नीट आखला गेला. आपल्या डोंगरात अंगाला लागली की आग उठवणारी खाजकुइरी असते, तिचं बी म्हणजे कवचबीज. त्यात एल-डोपा हा पदार्थ आहे, हे १९३७ मध्येच भारतीय रसायनज्ञांनी दाखवलं होतं. पार्किन्सनमध्ये मेंदूला जे कमी पडतं, ते याच्यापासून तयार होतं. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या २३ रुग्णांना कवचबीजाचं चूर्ण देऊन १९७८ मध्ये निरीक्षणं मांडली. माणसांत शतकानुशतकं वापरलेलं औषध असेल, तर आधी रुग्णाच्या खाटेजवळ काटेकोर नोंद करायची, मग प्रयोगशाळेत कारण शोधायचं. याला त्यांनी व्यस्त औषधशास्त्र म्हटलं. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं आणि गुळवेलीवर मोठं काम केलं. मराठी वाचक त्यांना ‘वृक्षगान’मुळे ओळखतात. झाडावर प्रेम करणारी व्यक्तीच झाडाची इतकी कडक परीक्षा घेते, हे मला त्यांच्याकडे पाहून पटलं.

आता आपल्या हातात बाटली आहे असं समजू. लेबलवर नुसतं ‘ब्राह्मी’ आहे की लॅटिन वनस्पतिनाव? बॅकोपा मोनिएरी असेल तर नीरब्राह्मी, सेंटेला एशियाटिका असेल तर मंडूकपर्णी. पान वापरलं की पूर्ण झाड? ‘५० टक्के बॅकोसाइड’ असं छापलं असेल, तर कुठल्या पद्धतीनं मोजलं? अतिनील प्रकाशाची स्वस्त पद्धत सगळ्या सॅपोनिनांना एकत्र धरते आणि आकडा फुगतो. एचपीएलसीचा आकडा लहान पण खरा असतो. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि जड धातूंची तपासणी पाहा. २००४ मध्ये बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं तर मेंदूचाच शत्रू.

नीरब्राह्मीनं काहींना मळमळ, पोटात मुरडा किंवा पातळ जुलाब होतात. गरोदर बाई, लहान मूल, झोपेची, झटक्यांची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेणारे आजी-आजोबा यांच्यासाठी बाटली उघडण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा. आयुर्वेदाचे वैद्य असोत की दवाखान्यातले डॉक्टर, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या. आणि अख्खा पाला आणला असेल, तर आज रात्री मूठभर वाटीत भिजत घाला. सकाळी पानं उलगडलेली असतील.